वाचकाच्या हाती पेन्सिल

ग्रंथालयातून आणलेल्या जुन्या पुस्तकाच्या समासात कुणा अनोळखी वाचकाचे अक्षर भेटले नाही, असा मराठी वाचक विरळाच. कुठे नुसते ‘छान!’, कुठे दोन उद्गारचिन्हे, कुठे कादंबरीच्या शेवटच्या पानावर ‘वेळ फुकट गेला’ असा रोखठोक अभिप्राय. आणि क्वचित एखाद्या जाणकाराने चुकीचे साल खोडून शेजारी बारीक अक्षरात लिहिलेले बरोबर साल. पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या नियमावलीत ‘पुस्तकात कोणत्याही प्रकारच्या खुणा करू नयेत’ हे कलम असतेच. कलम योग्य आहे, यात वाद नाही. परंतु ‘छान!’ लिहिणारा आणि साल दुरुस्त करणारा हे दोघेही त्या कलमान्वये सारखेच अपराधी ठरतात, हे आम्हांला नेहमी खटकत आले आहे.

काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाच्या तालिकेत एका जुन्या कादंबरीच्या भाषांतरकाराचेच नाव मूळ लेखक म्हणून नोंदलेले आम्हांला आढळले. काउंटरवरच्या गृहस्थांना ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ‘वरती कळवतो’ म्हणाले. पुढे दोन-तीन वेळा तिथे जाणे झाले तेव्हा नोंद जागच्या जागी होती. त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. वाचकाने सांगितलेली गोष्ट तालिकेपर्यंत पोहोचवणारी वाटच त्या व्यवस्थेत नव्हती. ही वाट आंतरजालामुळे काही ग्रंथालयांत कशी निर्माण झाली, आणि वाचनाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, याचा थोडा इतिहास येथे पाहावयाचा आहे.

आधुनिक तालिकेचा इतिहास हा मुख्यतः एकतर्फी बोलण्याचा इतिहास आहे. अँटोनिओ पनिझी यांनी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयासाठी ९१ नियम तयार केले, ते १८४१ साली छापले गेले. १८७६ साली अमेरिकेत चार्ल्स कटर यांचे तालिकेचे नियम आणि मेलव्हिल ड्यूई यांची वर्गीकरणपद्धती एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. ग्रंथाला कोणत्या नावाने हाक मारायची, तो कोणत्या विषयात बसवायचा, हे ठरवण्याचा अधिकार या नियमांनी प्रशिक्षित तालिकाकाराकडे दिला. मद्रासच्या रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली, तेव्हा वाचक प्रथमच शास्त्राच्या मध्यभागी आला. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, त्याचा वेळ वाचला पाहिजे, हा आग्रह आजही कोणाला जुना वाटणार नाही. तरीही रंगनाथनांच्या सूत्रांतला वाचक हा घेणारा आहे. त्याच्यापाशी ग्रंथालयाला देण्याजोगे काही असेल, ही शक्यता तिथे स्पष्टपणे येत नाही.

ही शक्यता एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उघडपणे बोलली जाऊ लागली. २००५ साली अमेरिकेतील मायकेल केसी या ग्रंथपालाने ‘लायब्ररी २.०’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या वाचकांना तालिकेतील नोंदींवर स्वतःचे टॅग लावण्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षी टिम स्पॉल्डिंग यांनी ‘लायब्ररीथिंग’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे कोणीही आपल्या घरच्या कपाटातल्या पुस्तकांची तालिका मांडावी आणि तीवर आपल्याला सुचतील ते शब्द चिकटवावेत. त्यानंतरची दोन-तीन वर्षे मोठ्या उत्साहाची होती. तालिकेत ‘तुमचा अभिप्राय लिहा’ अशी चौकट आली, ताऱ्यांनी गुण देण्याची सोय आली.

यातले पुष्कळसे रिकामेच राहिले. एका गावचे ग्रंथालय घेतले, तर त्याच्या तालिकेत नोंदी लाखभर आणि टॅग लावण्याची हौस असणारे वाचक मोजके. एखाद्या पुस्तकावर दोनच शब्द चिकटलेले असतील, तर त्यांवरून कोणाला काय कळणार? म्हणूनच २००७ सालापासून लायब्ररीथिंगने आपल्या हजारो सभासदांचे टॅग गावोगावच्या ग्रंथालयांना पुरवायला सुरुवात केली. कनेक्टिकटमधील डॅनबरीचे ग्रंथालय त्यात पहिले. उपाय व्यवहारी होता. पण त्यात डॅनबरीच्या वाचकाने स्वतः काय केले, हा प्रश्न उरतोच. त्याच्या वतीने दुसरेच कोणीतरी बोलत होते.

वाचकाला नुसते ‘बोल’ म्हटल्याने तो बोलत नाही. त्याच्यापुढे ज्याविषयी त्याला खरोखर काही ठाऊक आहे अशी वस्तू ठेवावी लागते. हे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने केले. १६ जानेवारी २००८ रोजी तिने आपल्या संग्रहातील सुमारे ३,१०० छायाचित्रे ‘फ्लिकर’ या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली. त्यांतली निम्मी १९३० आणि ४० च्या दशकांतली सरकारी रंगीत छायाचित्रे, आणि निम्मी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बेन वृत्तसंस्थेची. बेनची छायाचित्रे काचेच्या निगेटिव्हवर होती आणि त्यांची ओळख म्हणजे काचेवर घाईघाईने खरडलेले एखादे आडनाव. तालिकाकाराने ते इमानाने उतरून घेतले होते. त्यापलीकडे तो तरी काय करणार? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ही छायाचित्रे १ कोटीहून अधिक वेळा पाहिली गेली. सुमारे ६७,००० टॅग लागले आणि ७,००० हून अधिक टिप्पण्या आल्या. टिप्पण्यांत अर्थातच ‘छान!’ खूप होते. पण कोणी त्या काळातल्या वर्तमानपत्रातली बातमी शोधून आडनावाच्या मागचा माणूस उभा केला, कोणी रस्त्यावरची इमारत ओळखली, कोणी छायाचित्राची तारीख चुकल्याचे दाखवून दिले. ग्रंथालयाच्या माणसांनी हे सारे वाचले, पडताळले, आणि सुमारे ५०० नोंदी आपल्या अधिकृत तालिकेत सुधारून घेतल्या. ही माहिती फ्लिकरवरून मिळाली, असा उल्लेखही त्या नोंदींत केला. समासातली पेन्सिल पहिल्यांदाच तालिकेच्या शाईत मिसळली, असे आम्हांला वाटते. सात हजारांतून पाचशे हे प्रमाण कोणाला अल्प वाटेल. आम्हांला ते फार मोठे वाटले.

मात्र साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ज्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे, तो प्रयोग अमेरिकेतला नव्हे, ऑस्ट्रेलियातला. कॅनबेरा येथील राष्ट्रीय ग्रंथालयाने राज्यांच्या ग्रंथालयांच्या साहाय्याने २००७ साली जुन्या वृत्तपत्रांचे संगणकीकरण हाती घेतले. १८०३ साली निघालेल्या ‘सिडनी गॅझेट’ या तिथल्या पहिल्या वृत्तपत्रापासून १९५४ पर्यंतची पाने, तीही बहुतांशी मायक्रोफिल्मवरून. चित्र म्हणून पान संगणकावर आणणे सोपे. पण त्यात शब्द शोधता यावा, तर यंत्राने ते वाचले पाहिजे. ओसीआर नावाची जी यंत्राची वाचनविद्या आहे, ती शाई फुटलेल्या, ओळी वाकलेल्या, मायक्रोफिल्मवर ओरखडे पडलेल्या पानापुढे बावरते. इंग्रजीत आर आणि एन ही अक्षरे शेजारी आली की तिला एम दिसतो; जुन्या छपाईतला लांब शेपटीचा एस तिला एफ वाटतो. ज्यांनी देवनागरीत हा प्रयोग करून पाहिला आहे त्यांना घ-ध, भ-म यांचे घोटाळे आठवतील, आणि ‘ख’चा ‘रव’ झालेला तर आपल्याकडे माणसेही वाचत आली आहेत. कोट्यवधी ओळींची अशी दुरुस्ती पगारी माणसांकडून करून घेणे कोणत्याही ग्रंथालयाला परवडण्यासारखे नव्हते.

२००८ च्या मध्यावर ही वृत्तपत्रे आंतरजालावर खुली झाली, तेव्हा पडद्यावर एका बाजूला पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर होता. मजकुराची ओळ चुकीची दिसली, तर वाचकाने ती तिथेच दुरुस्त करावी. आधी परवानगी नाही, नंतर तपासणी नाही, नाव नोंदवण्याचीही सक्ती नाही. या कार्यक्रमाच्या प्रमुख रोझ होली यांनी मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल आम्हांला ग्रंथालयांच्या अलीकडच्या इतिहासातला एक अत्यंत वाचनीय दस्तऐवज वाटतो. वाचक नासधूस करतील, ही पहिली भीती. ती फोल ठरली. सांगितल्याशिवाय कोणी काम करणार नाही, ही दुसरी. तीही फोल ठरली. फारसा गाजावाजा न करता खुल्या केलेल्या त्या सोयीकडे लोक आपण होऊन वळले. नोव्हेंबर २००९ पर्यंत ६,००० हून अधिक माणसांनी सुमारे ३ लाख १८ हजार लेखांतल्या ७० लाख ओळी सुधारल्या होत्या. त्याच वर्षी ही वृत्तपत्रे ‘ट्रोव्ह’ या व्यापक शोधसेवेत सामील झाली, आणि काम अखंड चालू राहिले.

हे लोक कोण होते? पुष्कळसे आपल्या घराण्याचा इतिहास शोधणारे. पणजोबांच्या मृत्यूची बातमी शोधायला आलेला माणूस ती सापडल्यावर तिच्यातले चुकलेले नाव दुरुस्त करी. मग वरची बातमी वाची, मग खालची. कोणी जहाजे बुडाल्याच्या बातम्याच तेवढ्या सुधारीत, कोणी एकाच गावचे वृत्तपत्र लावून धरी. का करता, असे विचारल्यावर त्यांनी दिलेल्या उत्तरांत ‘सोडवत नाही’ हे एक होते, ग्रंथालयाने दिलेल्याची थोडी परतफेड हे दुसरे, आणि ग्रंथालयाने आमच्यावर विश्वास टाकला हे तिसरे. या तिसऱ्या उत्तरापाशी आम्ही थबकलो. नियमावलीच्या कलमाखाली वाढलेल्या आमच्यासारख्यांना ते सहज सुचणारे नव्हे.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यातली खरी गंमत नियमांत दिसेल. ट्रोव्हवर दुरुस्ती करायची ती यंत्राची, छापणाऱ्याची नव्हे. जुन्या पानात जुळाऱ्याने शब्द चुकीचा जुळवला असेल, तर तो चुकीचाच ठेवायचा; पानावर जे आहे तेच मजकुरात आले पाहिजे. बातमीतली वस्तुस्थिती चुकीची असेल, तर त्यासाठी वेगळी टीप लिहायची सोय. विषयाची खूण करायची, तर वेगळा टॅग. म्हणजे मूळ पाठ, टीप आणि सूची या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, हा संपादनशास्त्राचा पहिला धडा हजारो गृहिणी, निवृत्त कारकून आणि शेतकरी वर्गात न बसता शिकले. शिवाय यंत्राचे मूळ वाचन आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती जपून ठेवलेली असते; आज कोणी चुकीचे सुधारले, तर उद्या मागे जाता येते.

आपल्याकडे ग्रंथशुद्धीचा प्रश्न नवा नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, असे बजावले. लेखनिकांच्या पिढ्यांनी पाठाची काय दशा केली होती, ते त्यांनी पाहिले होते. त्यांची सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु नाथांपुढे कोणकोणत्या प्रती होत्या आणि त्यांनी कोणते पाठ टाकले, ते आपल्यापाशी राहिले नाही, आणि त्यावर अभ्यासक पुढे वाद घालत बसले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेले पाठही पानाच्या तळाशी जपले गेले. एकाने शुद्ध करून दार लावून घेणे आणि टाकलेलेही दाखवत राहणे, या दोन वृत्तींमध्ये ट्रोव्ह निःसंशय दुसऱ्या बाजूला उभे आहे. फरक इतकाच, की पुण्यात ते काम पंडितांचे होते.

याच सुमारास फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही तीच अडचण दुसऱ्या मार्गाने सोडवून पाहिली. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने जुन्या वृत्तपत्रांतले शब्द सुटे करून ते खेळात घातले. पडद्यावर चिचुंद्रीसारखे प्राणी पूल ओलांडायला निघतात. समोर आलेला शब्द खेळाडूने बरोबर टंकला की पुलाचा एक तुकडा तयार होतो, चुकला तर प्राणी खाली पडतात. लाखाहून अधिक लोक खेळले आणि ८० लाखांवर कामे उरकली. आकड्यांत हा प्रयोग ऑस्ट्रेलियाच्या तोडीचा दिसतो. आम्हांला मात्र तो आतून पोकळ वाटतो. सुटा शब्द टंकणाऱ्याला तो शब्द लग्नाच्या बातमीतला की फाशीच्या, हे कळत नाही. त्याचे डोळे वापरले गेले, वाचन नव्हे. ऑस्ट्रेलियात लेख अखंड ठेवला होता, म्हणून दुरुस्ती करणारा वाचत होता, आणि वाचत होता म्हणूनच सातत्याने परत येत होता. ग्रंथालयाने वाचकाला रमवावे की वाचू द्यावे, या प्रश्नाचे आमचे उत्तर या दोन प्रयोगांच्या तुलनेतून ठरले आहे.

याचा अर्थ ट्रोव्हविषयी शंका नाहीत असा नव्हे. फुकट मिळणाऱ्या श्रमावर सार्वजनिक संस्था किती काळ विसंबणार? सर्वाधिक ओळी सुधारणाऱ्यांची नावे संकेतस्थळावर मानाने झळकतात, आणि त्या यादीकडे पाहिले तर कामाचा मोठा भार थोड्याच खांद्यांवर असल्याचे ध्यानात येते. २०२३ च्या आरंभी तर पैशाअभावी ट्रोव्ह बंद पडते की काय, अशी वेळ आली होती; लोकांनी आवाज उठवला आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलर व त्यापुढे वार्षिक तरतूद जाहीर केली. आवाज उठवणाऱ्यांत दुरुस्ती करणारे किती होते, हे कोणी मोजले नसावे. तपासणीवाचून चालणाऱ्या कामावर सर्वांचाच विश्वास बसतो, असेही नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८ साली लिंकन यांना आलेली पत्रे वगैरे हस्तलिखिते उतरवून काढण्यासाठी वाचकांना बोलावले, तेव्हा एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय काम पुरे मानायचे नाही, अशी रीत ठेवली.

शंका अधिक गंभीर आहे ती वेगळीच. वाचक आपल्याला आवडेल तेच सुधारतो. जन्ममृत्यूच्या वार्ता चकचकीत होतात आणि धान्याचे बाजारभाव तसेच गचाळ राहतात. मग अशा विषम पाठावर संशोधकाने भिस्त ठेवावी काय? ऑस्ट्रेलियन अभ्यासक कॅथरीन बोड यांचे काम येथे उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या वृत्तपत्रांत क्रमशः छापलेल्या कथाकादंबऱ्या शोधायच्या, तर कोणता शब्द शोधावा? त्यांनी ‘प्रकरण’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द शोधला. क्रमशः छापलेल्या कादंबरीच्या डोक्यावर तो असतोच. या आणि अशाच युक्त्यांनी त्यांनी आणि कॅरोल हेदरिंग्टन यांनी २१,००० हून अधिक कथाकादंबऱ्या बाहेर काढल्या. राजधान्यांतली मोठी पत्रेच साहित्य छापीत, ही समजूत डळमळली. आडगावच्या पत्रांनीही भरघोस कथासाहित्य छापले होते. २०१८ साली ‘अ वर्ल्ड ऑफ फिक्शन’ या ग्रंथात बोड यांनी हे मांडले आणि त्याच वेळी बजावले, की संगणकावर जे आहे ते सर्व नव्हे. कोणती पत्रे टिकली, कोणती निवडली गेली, यंत्राला कोणती वाचता आली, हे सांगितल्याशिवाय अशा आकड्यांना अर्थ नाही. अशा संग्रहाकडे चिकित्सक आवृत्तीसारखे पाहिले पाहिजे. त्यांनी उघडलेल्या कथासूचीत वाचकांनाही नव्या कथा नोंदवता येतात. एखाद्या आडगावच्या पत्रातल्या निनावी कादंबरीचे चौथे प्रकरण कोणा निवृत्त माणसाने हौसेने सुधारावे आणि वाङ्मयेतिहासात तिची नोंद व्हावी, हे आता घडण्यासारखे आहे.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या नियतकालिकांचे गठ्ठे येत होते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली, हे आपण सारे परीक्षेपुरते जाणतो. त्या अंकांत त्या प्रकरणांच्या आजूबाजूला आणखी काय काय छापले जात होते, आणि त्या काळातल्या लहानसहान गावांच्या पत्रांत कोणाच्या कादंबऱ्या चालू होऊन मध्येच बंद पडल्या, हे सांगू शकेल अशी शोधण्याजोगी सामग्री आपल्या हाती नाही. कित्येक ग्रंथालयांनी जुन्या अंकांची चित्रे काढून ठेवली आहेत, हे खरे. पण चित्रात शब्द शोधता येत नाही.

मराठी विकिस्रोतावर मात्र पानाचे चित्र आणि मजकूर शेजारी ठेवून हेच काम होते. न वाचलेले पान तांबडे, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्या कोणी पुन्हा तपासून मान्य केले की हिरवे. दोन्ही वेळा एकच माणूस चालत नाही. आमच्यापैकी एकाने मध्यंतरी तिथे एका जुन्या पुस्तकाची काही पाने घेतली. पहिल्याच पानावर यंत्राने ‘खरे’चे ‘रवरे’ केले होते. ते सुधारले. तिसऱ्या पानावर एक शब्द असा आला, की चूक यंत्राची, जुळाऱ्याची की त्या काळच्या शुद्धलेखनाची, यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. शेवटी छापले होते तसेच ठेवले. ते पान सध्या पिवळे आहे. दुसऱ्या वाचकाची वाट पाहत आहे.